तंबाखूचं वाळवण

मीनाक्षीबाईंच्या घरात वस्तू नासत नाही अशी त्यांची ख्याती होती, आणि कोलकात्यात ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. या गावाची हवाच अशी चिकट की कपाटातल्या चपलेला बघता बघता हिरवी बुरशी धरते, पापड वातड होतात, पुस्तकं फुगतात. डमडमच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मात्र तिखट वर्षभर लालभडक राहायचं, डाळीला कीड लागायची नाही. बँकेतल्या नवऱ्यांबरोबर बदलीवर नव्यानं आलेल्या, मराठी मंडळातल्या बायका फोन करायच्या, "काकू, रवा कसा ठेवू हो?" आणि काकू सांगायच्या. सांगताना आवाज जरा चढायचा. का चढू नये? तेवढा मान त्यांनी कमावला होता.

घरात एकच कोपरा त्यांच्या राज्याबाहेर होता. बाल्कनीतलं छोटं कपाट, नवऱ्याच्या पाइपचं. शरच्चंद्र रेल्वेच्या गार्डन रीच ऑफिसातून निवृत्त झाले, पण त्यांचा संध्याकाळचा एक पाइप काही निवृत्त झाला नाही. आता पाइपचा तंबाखू म्हणजे चुना लावून मळायचा तंबाखू नव्हे. तो आंबवून, दाबून, मुरवलेला असतो आणि हाताला ओलसरच लागतो. शरच्चंद्र त्यातला चिमूटभर सावलीत वर्तमानपत्रावर पसरायचे, थोड्या वेळानं अंगठ्यानं दाबून बघायचे, मग भरायचे. बाकीचा घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, ओल्याचा ओला. मीनाक्षीबाई तेव्हा शेजारच्याच खुर्चीत भाजी निवडत असायच्या. उभा संसार शेजारी बसून त्यांनी त्या वर्तमानपत्राकडे एकदाही धड बघितलं नाही. नाक मुरडायचं आणि भाजी निवडायची. पुढचं सगळं त्यामुळं झालं, असं त्या आता म्हणतात.

उन्मेष हा त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याची नोकरी इथं सॉल्ट लेकला होती, म्हणून निवृत्तीनंतर सांगलीला परत न जाता दोघांनी डमडमला घर केलं. आणि मग एक दिवस उन्मेषनं पुण्याची बदली मागून घेतली.

"तुझ्यासाठी आम्ही इथं राहिलो," शरच्चंद्र म्हणाले.

"मी राहा म्हटलं नव्हतं," उन्मेष म्हणाला.

झालं. बापलेकांचं बोलणं त्या वाक्यापाशी जे बंद पडलं, ते पुढची चार वर्षं बंदच. दोघंही एकाच मातीचे, हट्टी. आणि मध्ये मीनाक्षीबाई, याचा निरोप त्याला, त्याचा निरोप याला, दोन्हीकडचे कडू शब्द वाटेत गाळून पोचवणाऱ्या. एवढं गाळल्यावर मूळ निरोपात उरायचं काय, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

यंदा एप्रिलात उन्मेषचा फोन आला. "आई, कंपनी मला डेन्मार्कला पाठवतेय. बहुतेक कायमचाच जातोय. मागं तिकडे गेलो होतो तेव्हा बाबांसाठी तंबाखूचा डबा आणला. कुरिअरनं पाठवलाय."

"बरं केलंस."

"त्यांना ओढून बघू दे. नुसतं 'बरा आहे' म्हणाले ना, तरी जायच्या आधी येतो कोलकात्याला. राहतो चांगला आठवडाभर. पण त्यांनी तोंड फिरवलं तर नाही येणार. दारात उभं राहून तो चेहरा बघायचं बळ नाही गं माझ्यात."

"म्हणतील रे. न म्हणायला काय झालंय त्यांना."

"आणि तो ओला असतो, आई. जरासा वाळवावा लागतो. बाबांना माहीत आहे सगळं."

एवढ्या बोलण्यातलं 'वाळवावा लागतो' तेवढं मीनाक्षीबाईंनी पदराला बांधलं. येण्याची अट त्यांनी नवऱ्याला सांगितली नाही. अट म्हटली की शरच्चंद्र उलटे फिरायचे, हे त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

डबा आला तेव्हा शरच्चंद्र मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काळा चष्मा लावून आतल्या खोलीत पडून होते. डॉक्टरांनी धूर काही दिवस वर्ज्य सांगितला होता. परवानगी मिळेल त्या संध्याकाळी डबा पुढ्यात ठेवायचा, असं मीनाक्षीबाईंनी ठरवलं. आणि तोवर दम धरवेना म्हणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडून बघितला.

आत काळपट तपकिरी पातळ वड्या, एकीवर एक दाबून बसवलेल्या. हाताला ओल्या. वास आंबूस, जुन्या चिंचेचा असतो तसा. आणि वड्यांवर पांढरं काहीतरी आलेलं.

बाईंच्या काळजात चर्र झालं. लेकानं एवढ्या लांबून आणलेली वस्तू, आणि वाटेत कुठल्यातरी दमट गोदामात पडून तिला बुरशी यावी? हे असं नवऱ्यापुढं ठेवलं तर ते काय म्हणणार, हे सांगायला ज्योतिषी नको. उन्मेषला कळवावं, तर तो हिरमुसून बसेल. नाही, हे आपणच निस्तरायचं. तोच म्हणाला होता ना, वाळवावा लागतो म्हणून?

मग काय विचारता. जन्मभर ज्या कामात हात बसला ते कामच समोर आलं. गच्चीवर जुनं सुती पातळ अंथरलं, वड्या मोकळ्या केल्या, पांढरं कोरड्या फडक्यानं पुसून काढलं. डोक्यावरून विमानं खाली उतरत होती आणि मीनाक्षीबाई कावळ्यांवर नजर ठेवून तंबाखू परतत बसल्या होत्या. पहिल्या दिवशी तो मऊच राहिला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मूठ दाबली तर कुरडईसारखा कडकडीत वाजला. तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला.

तंबाखू पुन्हा त्याच डब्यात भरला. आणि झाकण लावण्याआधी, ज्या हातानं जन्मभर तिखटाच्या बरणीत हिंग टाकला त्या हातानं डब्यात हिंगाचे खडे टाकले. पुन्हा बुरशी नको, कीड नको. चांगला उग्र खडा हिंग, बडाबाजारातून आणलेला. यात विचार असा काही नव्हता, सवयीनं हात गेला. डब्याचं झाकण घट्ट बसवून त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि देवाला म्हणाल्या, एवढा आवडू दे त्यांना.

डॉक्टरांनी हो म्हटलं त्या संध्याकाळी त्यांनी तो डबा बाल्कनीत नेऊन नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. "उन्मेषनं पाठवलाय. डेन्मार्कहून आणला खास तुमच्यासाठी."

शरच्चंद्रांनी डबा हातात उलटासुलटा केला. झाकण काढून नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग पाइप भरला, काडी लावली.

पहिल्याच झुरक्याला ठसका लागला. कोरडा तंबाखू भसकन पेटला, आणि बाल्कनीभर वास सुटला, करपलेल्या फोडणीचा. मीनाक्षीबाईंच्या हातातली पालकाची जुडी तशीच राहिली. तो वास कुठला हे त्यांना क्षणात कळलं, आणि आपण काय करून बसलो तेही कळलं.

"काय पाठवलंय हे," शरच्चंद्र डोळे पुसत म्हणाले. "तंबाखू आहे का पाचोळा? टाकून दे."

तेवढ्यात फोन वाजला. उन्मेषच होता. परवानगीचा दिवस आईनं त्याला कळवला होता, वाट बघून असणार. "आई, ओढला का त्यांनी? काय म्हणाले?"

आता बघा, इथं एक वाक्य पुरलं असतं. अरे, मीच घोळ घातला, उन्हात वाळवून हिंग घातला. बापही हसला असता, लेकही हसला असता. पण बाईंची जीभ टाळूला चिकटली. साठवणीच्या गोष्टी साऱ्या मंडळाला शिकवणारी बाई, तिनं नवऱ्याच्या तंबाखूला फोडणी दिली? ही गोष्ट घरोघरी गेली असती, जन्मभर पुरली असती. आणि त्या शब्द जुळवत असतानाच शरच्चंद्र खुर्चीतून मोठ्यानं म्हणाले, "त्याला सांग, असलं काही पाठवत जाऊ नकोस म्हणावं. इथं मिळतं सगळं."

पलीकडं ऐकू गेलं. "बरं," उन्मेष म्हणाला, आणि फोन बंद झाला.

उद्या सांगू, असं मीनाक्षीबाई रात्री मनाशी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, त्यांचा डोळा जरा बरा होऊ दे. उन्मेषला त्यांनी एकदा फोन केला. "अरे, त्या डब्याचं तसं नव्हतं," एवढं म्हणाल्या. "आई, पुरे आता त्या डब्याचं. मुंबईहून तिकीट काढलंय मी," असं तो म्हणाला, आणि त्यांना, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं. त्यानंच पुरे म्हटलं, आपण काय करणार? स्वतःची अशी समजूत घालत त्यांनी तो सगळा काळ काढला. लाडू करून कुरिअरनं पुण्याला पाठवले. लाडू मात्र उत्तम टिकले असतील.

उन्मेष निघायचा त्या सकाळी शरच्चंद्र चहा पीत पेपर वाचत होते. मीनाक्षीबाई समोर येऊन बसल्या आणि कपबशीकडे बघत सगळं बोलून टाकलं. बुरशी, गच्ची, ऊन, हिंग.

शरच्चंद्रांनी पेपर खाली ठेवला. "ती बुरशी नव्हती. चांगला मुरलेला तंबाखू असला की त्याच्यावर तसं पांढरं येतं. दुकानातला भारी माल आणला असणार त्यानं."

"मला काय माहीत हो."

"आणि हिंगाचं मला माहीत होतं."

मीनाक्षीबाईंनी वर बघितलं.

"डबा उघडला तेव्हाच कळलं. डेन्मार्कात हिंग कोण घालणार? आणि नव्या डोळ्यांना खडा दिसला की. तुझ्याच हातचं ते, दुसऱ्या कुणाचं असणार?"

"मग त्याला तसं का बोललात?"

शरच्चंद्र पेपरची घडी पुन्हा पुन्हा मोडत राहिले. "सोपं पडलं," ते शेवटी म्हणाले. "बरा आहे म्हणायचं म्हणजे स्वतःहून बोलायला लागायचं. इतकी वर्षं नाही बोललो, आता सुरुवात कुठून करायची? घसा जळला आणि वाटलं, चला, निमित्त मिळालं. त्याचा यात काही दोष नव्हता, हे ठाऊक होतं मला."

मीनाक्षीबाईंना राग आला. असा आला की समोरचा कप उचलून आपटावा. पण त्या रागाला बसायला जागा नव्हती, कारण निमित्त त्यांनीच तयार करून, वाळवून, डब्यात भरून दिलं होतं. मग जे एवढे दिवस गाळून ठेवलं होतं तेही त्यांनी सांगितलं. "तुम्ही नुसतं बरा म्हणाला असतात, तर तो येणार होता. आठवडाभर राहणार होता इथं."

"कोण, उन्मेष?"

"हो."

"हे तू मला सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं. तुम्ही उलटे फिराल म्हणून."

शरच्चंद्र उलटे फिरले असते की नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि हात पुढं केला. "फोन लाव त्याला."

उन्मेषनं उचलला. मागं विमानतळाचा गलका होता. "बोल आई, आत्ताच रांगेत उभा राहिलोय."

"मी बोलतोय," शरच्चंद्र म्हणाले.

पलीकडं बॅग खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तो तंबाखू," शरच्चंद्रांनी घसा खाकरला. "चांगला होता. अस्सल माल होता."

"बाबा, तुम्ही तर म्हणालात..."

शरच्चंद्रांनी बायकोकडे बघितलं. मीनाक्षीबाई मान खाली घालून बसल्या होत्या, आता आपलं नाव येणार आणि ते यायलाच हवं, अशा तयारीनं.

"मी खोटं बोललो," शरच्चंद्र म्हणाले. "चूक माझी. तुझी काही चूक नव्हती."

पलीकडं कुणीतरी उन्मेषला पुढं सरकायला सांगितलं, बॅग ओढल्याचा आवाज आला.

"मी आलो असतो हो, बाबा," तो म्हणाला. "सुट्टी घेऊन ठेवली होती मी. घरीच बसून होतो पुण्यात, सगळा आठवडा."