तीन लाल, एक काळा

आमच्या सूनबाईंना सांगितलं तेवढंच करायची खोड आहे. लोकांच्या सुना ऐकत नाहीत म्हणून लोक रडतात. माझी ऐकते, हेच माझं दुखणं. दार लाव म्हटलं की लावते. बाहेर कोण राहिलंय ते बघत नाही. बाहेर बहुतेक वेळा मीच असते.

सोमवारी सकाळी मी तिला म्हटलं, "लाल रंगाची मंजिष्ठा उकळली की रेशमाच्या उरलेल्या लडी मोठ्या पातेल्यात सोड." तिने मोठ्या पातेल्यात सोडल्या. तासाभराने मी काठीने एक लड वर उचलली, तर लाल कुठला! वांग्याची साल परवडली.

"अगं, हे लोखंडाचं पातेलं."

"तुम्ही मोठं म्हणालात, आई."

"मोठं म्हणजे तांब्याचं. सहा वर्षं या घरात आहेस. लोखंडात लाल काळवंडतो, हे ठाऊक नाही तुला?"

"ठाऊक आहे. मला वाटलं, तुम्हाला काळपट काठ हवा असेल."

"मग विचारायचं."

"विचारलं की तुम्ही ओरडता."

आमच्या चिरंजीवांनी चहाच्या कपाआडून निवाडा दिला, "दोघींचंही बरोबर आहे." असल्या माणसाला मी नऊ महिने पोटात वागवलं.

शाल होती दवाखान्यातल्या मोठ्या नर्सबाईंची. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हातांवर जन्मली, त्यात हे आमचं ध्यानही आलं. गुरुवारी त्या निवृत्त होणार होत्या, आणि बाकीच्या नर्सनी मिळून त्यांच्यासाठी माझ्या हातची लाल रेशमी शाल सांगितली होती. दोन हिस्से विणून झाले होते, तिसरा बाकी. लाल रेशीम उरलं होतं जेमतेम दीड वीत विणण्यापुरतं. नवी मंजिष्ठा आणून रंगवलं, तरी दुसऱ्या खेपेचा लाल पहिल्याला कधी जुळत नाही. दोघे सख्खे भाऊ असले तरी तोंडं वेगळी.

"तुकडा जोडलेली शाल माझ्या घरातून जाणार नाही," मी जाहीर केलं. "उद्या जाऊन सांगते त्यांना, जमलं नाही म्हणून. तू मागाला हात लावू नकोस."

'जमलं नाही' हे दोन शब्द चाळीस वर्षांत माझ्या तोंडून गेले नव्हते. डोक्याला फडकं बांधून मी आत जाऊन पडले, आणि पडल्यावर आठवलं. तांब्याचं पातेलं घरात नव्हतंच. बूड गळतं म्हणून मागच्याच आठवड्यात मी ते डाग लावायला पाठवलं होतं. घरात मोठं पातेलं एकच होतं.

मी उशी तोंडावर ओढली.

दुपारी मागाचा आवाज आला. मोठ्या मागाचा. त्यावर माझ्याशिवाय कुणी बसत नाही. सूनबाई कांड्यांवर रेशीम भरते आणि लहान मागावर रुमाल विणते. आवाजाची चालही माझी नव्हती. तीन ठोके, थांबा. एक ठोका, थांबा. म्हणजे सूनबाई धोटा बदलत होत्या, दर रंगाला वेगळा. मी चष्मा चढवला आणि भांडायला उठले.

ती पाठमोरी बसून पुटपुटत होती, "तीन लाल, एक काळा. तीन लाल, एक काळा." थोडं कापड पुढे सरकलं, तसं "दोन लाल, दोन काळे" झालं. दीड वितीचं लाल तिने पुरवून पुरवून घातलं होतं. लाल संपून काळपट सुरू झाला असं कुठे दिसतच नव्हतं. जणू लालच हळूहळू पिकत गेला होता.

भांडण माझ्या ओठांवर होतं. ते गिळलं.

"पाय सैल सोड. ठोका जड पडतोय."

तिने मान वळवली नाही. "तुम्ही नको म्हणाला होतात."

"म्हणाले होते."

"मग थांबू?"

"थांबून तर बघ."

तिचे खांदे हलायला लागले. मग मलाही हसू आवरेना. दोघी हसतोय म्हणताना चिरंजीव धावत आले. त्यांना वाटलं, कुणाला तरी लागलं.

गुरुवारी नर्सबाईंनी शाल अंगावर घेतली. एक खांदा लाल, दुसरा गडद. शीर शोधावी तसं त्या बोटाने चाचपत राहिल्या, रंग नेमका कुठे बदलला ते. सापडेना. "कसं केलंत हो हे?" मला विचारलं. मला उत्तर येत होतं, पण मी सूनबाईला पुढे ढकललं. ती लाजली, आणि मग इतकं बोलली की निघताना मला तिचा हात धरून ओढावं लागलं.

घरी आलो. ती उंबऱ्याशी चप्पल काढत होती, तिथेच तिला थांबवलं.

"हे बघ. तांब्याचं पातेलं मीच डाग लावायला दिलं होतं. हे एकदा सांगितलं, पुन्हा सांगणार नाही. आणि उद्यापासून मोठ्या मागावर तू बसायचं. कांड्या मी भरते. सैल भरल्या तर तोंडावर सांग."