पेटीतलाच साक्षीदार

मंगळवार, ११ जून २०१९. सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे. माझ्या पारड्यासमोर आठ डोकी ओळीने मांडलेली होती.

दचकू नका, मित्रांनो. ती गोल्फच्या क्लबांची, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्यांची, लोखंडी डोकी होती. मी एक जुना वजनकाटा आहे. एका बाजूला पितळेचे पारडे, दुसऱ्या बाजूला आकडे कोरलेली लांब दांडी आणि तिच्यावर मागेपुढे सरकणारा एक गोळा, एवढाच माझा संसार. गोळा योग्य जागी आला की दांडी आडवी थांबते आणि गोळ्याखालचा आकडा वाचायचा. क्लब दुरुस्त करण्याच्या एका लहानशा दुकानात, खिडकीलगतच्या बाकावर माझी जागा आहे. मालकांना सगळे मास्तर म्हणतात. तरुणपणी काही वर्षे त्यांनी तंत्रशाळेत कार्यशाळा शिकवली. शाळा सुटली, नाव चिकटले. दुकानाचा गल्ला आणि गिऱ्हाइकांची थट्टा, ही दोन खाती त्यांच्या पत्नीकडे, म्हणजे काकूंकडे आहेत.

माझे काम पाहणाऱ्याला कंटाळवाणे वाटेल. पण मला स्वतःला त्याचे नवल अजून सरलेले नाही. चांगल्या संचातले लोखंडी क्लब तुम्ही कधी ओळीने उभे केलेत का? तीन नंबरचा सर्वांत लांब असतो आणि पुढचा प्रत्येक क्लब अर्ध्या अर्ध्या इंचाने आखूड होत जातो. दांडा आखूड झाला की हाताला क्लब हलका लागू लागतो. म्हणून घडवणारा प्रत्येक पुढच्या डोक्यात सात ग्रॅम वजन वाढवतो. दोनशे चाळीस, दोनशे सत्तेचाळीस, दोनशे चोपन्न, अशा पायऱ्या चढत आठवे डोके दोनशे एकोणनव्वदवर पोहोचते. खेळणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. त्याच्या हाताला मात्र आठही क्लब एकाच आईची लेकरे वाटतात. न दिसणाऱ्या सात ग्रॅमसाठी कोणीतरी कुठेतरी एवढी काळजी घेतो, हे पहिल्यांदा कळले तेव्हा माझी दांडी कितीतरी वेळ हलत राहिली होती.

त्या सकाळी या डोक्यांचे आठ क्लब घेऊन आली होती गोल्फच्या मैदानावर गवत कापणारी एक मुलगी. मशीन ढकलून तिच्या तळहातांना घट्टे पडलेले. पहाटे मैदान मोकळे असताना दुसऱ्यांच्या क्लबांनी खेळत ती खेळ शिकली होती. मैदानाच्या व्यवस्थापनाने त्या वर्षी कामगारांमधून एकाला सहायक प्रशिक्षक म्हणून घ्यायचे ठरवले होते. चाचणी वीस जूनला होती. अटी दोनच : संच स्वतःचा हवा आणि अठरा होल, म्हणजे चेंडू घालायचे अठरा खड्डे, जास्तीत जास्त पंच्याऐंशी फटक्यांत पूर्ण व्हायला हवेत. संधी एकदाच.

तिच्यासोबत तिचे मामा होते. चष्मे बनवणारे, नीटनेटके, खिशाला दोन पेनं. संच त्यांनीच घेऊन दिला होता. परदेशी निघालेल्या एका खेळाडूचा कोरा संच, अर्ध्याहून कमी किमतीत, आणि ही सवलत फक्त त्या दिवशी दुपारी दोनपर्यंत, अशी जाहिरात त्यांना फोनवर दिसली होती. पावणेदोनला त्यांनी पैसे पाठवले होते.

“मास्तर, एक हातात जड लागतो, दुसरा हलका,” मुलगी म्हणाली. “कालपर्यंत वाटत होतं माझंच चुकतंय.”

मास्तरांनी डोकी काढायला घेतली. खऱ्या कामात डोके आणि दांडा यांचा जोड ज्योतीवर तापवल्याशिवाय सुटत नाही. इथे मास्तरांनी ज्योत पेटवलीच नाही. नुसते पिळले आणि डोके हातात आले. वजन करताना बोलायचे नाही, हा त्यांचा नियम आहे. प्रत्येक डोके तीनदा तोलायचे, तिन्ही आकडे कागदावर उतरवायचे, मगच तोंड उघडायचे.

माझ्या पारड्यात तीन नंबर आला : दोनशे एक्कावन्न. चार नंबर : दोनशे सेहेचाळीस. पाच : दोनशे त्रेसष्ट. सहा आणि सात दोघेही दोनशे अठ्ठावन्न. पुढे तर पायऱ्याच नव्हत्या, नुसता उतारावरून घरंगळलेल्या दगडांचा ढीग. आणि प्रत्येक डोक्यावर मात्र नामांकित कारखान्याची मुद्रा, चकचकीत आणि सुबक.

“नकली आहेत,” मास्तर म्हणाले. “आठही.”

मामांचा चेहरा उतरला; पण क्षणभरच. “रागावू नका मास्तर, पण तुमचा काटाच खोटा असेल. माझ्याकडे प्रमाणपत्र आहे. सोनेरी शिक्क्याचं!”

“कागद काय, कोणीही छापतो,” काकू म्हणाल्या.

“मी काही दूधखुळा नाही, काकू. प्रमाणपत्रावरच्या नंबरला फोन लावला मी. तिथल्या बाईंनी संचाचा नोंदणी क्रमांक न अडखळता वाचून दाखवला. दहाच्या दहा आकडे!”

“प्रमाणपत्र कुठून आलं?”

“संचाच्याच पेटीतून.”

“आणि फोनचा नंबर?”

“प्रमाणपत्रावरच की.”

“शाब्बास! म्हणजे नवरामुलगा कसा आहे, हे नवऱ्यामुलालाच विचारलंत. जगाला चष्मे देता मामा, एक स्वतःला ठेवायचा होतात.”

मुलीला हसू आले आणि तिने ते गिळले. मामा लालबुंद झाले. “मला हसा हो! पण आधी काटा तपासा. एवढा जुना गंजका काटा खरा आणि कंपनीचं प्रमाणपत्र खोटं?”

मित्रांनो, माझ्या जन्माची हकिगत मी एवढा वेळ मागे ठेवली होती. ती सांगण्याची वेळ अशी आली.

मास्तरांनी बाकाचा खालचा खण उघडला आणि एक पितळी वजन काढून मामांच्या हातावर ठेवले. “यावर काय लिहिलंय?”

“दोनशे ग्रॅम.”

“पारड्यात ठेवा. गोळा तुम्हीच सरकवा. आकडाही तुम्हीच वाचा.”

मामांनी दुसरा चष्मा चढवला. “एकशे शहाण्णव. बघा! चार ग्रॅम कमी! म्हटलं नव्हतं?”

“आता हे ठेवा.” मास्तरांनी चिमट्याने मखमलीच्या डबीतले दुसरे वजन दिले. त्याच्या बुडावर सरकारी तपासणीची मुद्रा होती.

“दोनशे,” मामा वाचत गेले आणि त्यांचा आवाज बारीक झाला. “बरोबर दोनशे.”

“पहिलं वजन या काट्याच्याच पेटीतून आलं होतं,” मास्तर म्हणाले. “एकतीस वर्षांपूर्वी मीही पडत्या भावात घेतला हा. ‘प्रयोगशाळेचा काटा’, असं पितळी पाटीवर कोरलेलं. विकणाऱ्याने माझ्यासमोर हे वजन ठेवलं, काट्याने बरोबर दोनशे दाखवले, मी खूश. काटा शंभराला दोनने जास्त दाखवत होता आणि वजन तेवढंच कमी होतं. खोट्याला खोट्याची साक्ष.”

काकूंनी गल्ल्यावरून मान वर केली. “ते वजन? तुम्ही तर म्हणाला होतात, कागद उडू नयेत म्हणून ठेवलंय!”

“लाज वाटली गं सांगायला.”

“एकतीस वर्षं?”

“पाच महिने मी त्या काट्यावर काम केलं. अकरा जणांचे क्लब चुकीच्या वजनाचे करून दिले. एक दिवस मापाच्या नळीने दोनशे मिलिलिटर शुद्ध पाणी मोजून ठेवलं, तेव्हा हा म्हणाला दोनशे चार. पाणी कुणाच्या पेटीतून येत नाही, मामा. मग अकराही जणांच्या घरी गेलो आणि काम परत मागून आणलं.”

काकूंनी ते खोटे वजन उचलून तळहातावर तोलून पाहिले.

मित्रांनो, खोटे दाखवायला घडवलेली वस्तू आहे मी. माझा गोळा हेतुपुरस्सर हलका ओतला होता आणि ज्या धारेवर दांडी टेकते ती मऊ लोखंडाची होती. मास्तर मला भंगारात टाकू शकले असते. त्यांनी तसे केले नाही. दोन महिने रोज सकाळी त्यांनी माझी चूक मोजली. मी किती खोटा आहे, हे आधी त्यांनी दशांशापर्यंत शोधून काढले. मग जुन्या कानशीच्या पोलादाची नवी धार बसवली आणि गोळ्याच्या पोटात शिशाचे थेंब एकेक करून सोडले. ज्या दिवशी मुद्रांकित वजनाखाली माझी दांडी दोनशेवर आडवी थांबली, त्या दिवशी खरे बोलणे म्हणजे काय ते मला पहिल्यांदा समजले. त्या स्थिरतेपुढे मी आजही नतमस्तक आहे. पण ज्या माणसाने मला खरे केले, त्याने स्वतःची फजिती त्या सकाळी सर्वांसमोर पारड्यात घातली, ते पाहून मी अधिकच थक्क झालो.

मामा खुर्चीत बसले. “बहिणीला काय सांगू? सगळ्या आळीला पेढ्यांऐवजी ती पेटीच दाखवून आलोय मी.” मग भाचीकडे न पाहता म्हणाले, “मास्तर, तेच परत चिकटवून द्या की. नऊ दिवसांचा तर प्रश्न आहे. कुणाला कळतंय?”

“मला कळतंय ना, मामा,” मुलगी म्हणाली.

“हे मी चिकटवणार नाही,” मास्तरांनी सांगितले. “नुसत्या हाताने सुटलेलं डोकं उडून कुणाच्या कपाळात बसलं तर?”

“मग मी वीस तारखेला काय घेऊन जाऊ?”

मास्तरांनी कोपऱ्यातल्या पिंपाकडे बोट दाखवले. त्यात मोडलेल्या, टाकून दिलेल्या क्लबांची त्रेचाळीस डोकी होती. वेगवेगळ्या कारखान्यांची, ओरखडलेली, काही तांबूस झालेली, पण अस्सल. “यातून आठ निवडू. तळव्याचा कोन जुळला पाहिजे आणि वजनाच्या पायऱ्या जमल्या पाहिजेत. दिसायला भंगारवाल्याचं पोतं दिसेल.”

“दिसू दे,” मुलगी म्हणाली. “चेंडू खड्ड्यात ढकलायचा पटर माझा जुना आहेच. मोठा क्लब नसला तरी चालेल, लांबचे फटके तीन नंबरने मारीन.”

मामांनी त्याच दुपारी पोलिसांत तक्रार नोंदवली. विकणाऱ्याचा फोन तोवर बंद झाला होता. सायंकाळी पाच वाजता ते पुन्हा दुकानात आले, बाह्या दुमडल्या आणि म्हणाले, “मास्तर, जन्मभर काचा घासल्यात. केसाइतकं काढायचं असेल तर माझा हात वापरा.”

पुढचे चार दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत भाग्याचे. त्रेचाळीस डोकी, प्रत्येक तीनदा. हलक्या डोक्यांच्या, दांडा बसतो त्या नळीत मास्तर शिसे भरत. जड डोक्यांची पाठ मामा घासत : चष्म्याच्या काचेसारखी, गोल गोल, श्वास रोखून. घासायचे, फुंकर मारायची, माझ्या पारड्यात ठेवायचे.

“दोनशे बासष्ट,” मास्तर म्हणत.

“एकच जास्त. जाऊ द्या मास्तर, एका ग्रॅमनं काय होतंय?” मामा विचारत.

“दोनला पंधरा मिनिटं कमी होती, तेव्हा तुम्ही हेच म्हणाला असाल.”

काकू खळखळून हसत, मामाही हसत आणि पुन्हा घासायला बसत. शनिवारी सायंकाळी आठ अनोळखी डोकी माझ्यासमोर ओळीने आली. दोनशे चाळीस. दोनशे सत्तेचाळीस. दोनशे चोपन्न. दोनशे एकसष्ट... आठव्या डोक्याला दोनशे एकोणनव्वदवर दांडी थांबली, तेव्हा मामांनी चष्मा काढून पुसला. काच स्वच्छच होती. आठ कारखान्यांतून हाकललेली डोकी आता एका घरची झाली होती. दांडे बसले, जोड वाळले, मुठी चढल्या. मुलीने दुकानाच्या मागच्या अंगणात एकेक क्लब डोळे मिटून फिरवला आणि कोणता कितव्या नंबरचा आहे हे तिला सांगताच येईना.

“सगळे सारखेच लागतात!” ती ओरडली.

आजवर माझ्या कामाची अनेकांनी स्तुती केली आहे. याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

मित्रांनो, मी निर्जीव वस्तू. उपदेशाचा अधिकार माझा नाही. पण खोटेपणाच्या पोटातून आलो आहे, म्हणून एक विनंती करतो. घड्याळ दाखवून घाई करणारा भेटला, तर आधी त्याच्या घड्याळाकडे पाठ फिरवा. चकाकणाऱ्या मुद्रेवर भाळू नका. ती कोरायला फारसे कष्ट लागत नाहीत. वस्तू हातात घ्या, तोला, त्या कामातल्या जाणत्याला दाखवा. आणि विकणाऱ्याचा माल विकणाऱ्याच्याच मापाने कधी तपासू नका. पेटीतून निघालेला साक्षीदार पेटीचीच बाजू घेतो. एवढे करूनही फसलात, तर ते झाकून ठेवू नका. मास्तरांचे ते वजन एकतीस वर्षे खणात पडून होते. ते आधी बाहेर आले असते तर कदाचित किती तरी जण पावणेदोनला थांबले असते. आता ते माझ्या शेजारी, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दिसेल असे ठेवलेले असते.

वीस जूनला मैदानावर लोक तिच्या विजोड संचाला हसले, असे मामांनी नंतर सांगितले. पहिल्या नऊ होलला त्रेचाळीस फटके लागले, तेव्हा पंच्याऐंशीतले बेचाळीसच उरले, असा हिशेब मामांनी बोटांवर केला. चौदाव्या होलला चेंडू वाळूत गेला आणि तिने तो पहिल्याच फटक्यात बाहेर काढला. मग त्यांनी गुणपत्रिकेची घडी उलगडली आणि ती माझ्या पारड्यात ठेवली. तळाशी परीक्षकाच्या अक्षरात लिहिले होते :

एकूण होल १८. एकूण फटके ८४.