नमुन्याची बाटली

दिंडोरीजवळच्या त्या द्राक्षबागेत दुपारची सुट्टी झाली, तरी कुणी डबा उघडला नव्हता. सगळी माणसं पॅकिंग शेडमध्ये दाटीवाटीनं उभी होती. समोर टेबलामागे ललितजी. लासलगावला होते तेव्हा नुसते ललित होते. आता अंगात पांढरा कुर्ता, कानाला माइक आणि नावापुढे 'ऊर्जागुरू'.

"माताभगिनींनो, डॉक्टर रिपोर्ट बघतो. मी थेट हाताला विचारतो. हात कधी खोटं बोलत नाही!"

मालनताई कोपऱ्यातल्या खुर्चीत टेकल्या होत्या. नाशकात भद्रकालीत त्यांचं लेबलांचं दुकान. एके काळी बेदाण्याच्या डब्यांसाठी त्या कुंचल्यानं अक्षरं काढत. एका 'द्रा'वर सकाळ जायची. आता भाची सृष्टी तेच काम संगणकावर चहा निवायच्या आत करते. ललितजींच्या 'वज्रधार' या एनर्जी ड्रिंकचं नवं लेबल, रंग, बाटली, सगळं काम त्यांच्याकडे आलं होतं. पिणाऱ्यांचं मन कळावं म्हणून त्या सकाळपासून बागेत फिरत होत्या.

"काय घेतलं की थकवा जातो गं?" त्यांनी बायकांना विचारलं होतं.

"सावलीत टेकलं की जातो, मावशी."

हे उत्तर लेबलावर छापण्यासारखं नव्हतं.

पेठहून छाटणीला आलेली भागीबाई मात्र वेगळं बोलली होती. बोलता बोलता ती सारखी पाणी पीत होती. पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधली होती.

"साखर हाय मला. जखम लवकर भरत नाय."

"गोळ्या घेतेस ना?"

"सोडल्या. आता हे वज्रधारच पिते. गुरुजी म्हनले, दोन औषधं पोटात भांडतात."

"लय ताकद हाय त्याच्यात," तिचा नवरा हिरामण म्हणाला. "गुरुजींनी दाबला तरी हात खालीच येत नाय!"

मालनताईंनी समजावून पाहिलं. दोघं हसून ऐकत राहिली. ताईंनी आयुष्यात ताईत पाहिले, तांब्याची कडी पाहिली, चुंबकाच्या गाद्या पाहिल्या. दर वेळी वाटायचं, आता लोक शहाणे होतील. हल्ली वाटेनासं झालं होतं. लेबल पसंत करून घ्यावं आणि घरी जाऊन पडावं, एवढंच मनात होतं.

"या माउली!" ललितजींनी भागीबाईलाच पुढं बोलावलं. तिनं उजवा हात आडवा धरला. त्यांनी दोन बोटांनी मनगट दाबलं. हात पडला.

"बघा, शरीर रिकामं झालंय!"

त्यांनी टेबलावरची बाटली उचलली. लेबल नवं कोरं होतं. "आणि हे वज्रधारचं नवं रूप!" बाटली तिच्या डाव्या हातात देऊन त्यांनी पुन्हा उजवा हात दाबला. हात जागचा हलला नाही. टाळ्या पडल्या. भागीबाईचे डोळे भरून आले.

मालनताई मात्र बाटलीकडे बघतच राहिल्या. ती त्यांची होती. लेबल कसं दिसतं ते ललितजींना दाखवायला आणून टेबलावर ठेवलेला नमुना. खरं पेय हाताशी नव्हतं म्हणून सृष्टीनं आत नळाचं पाणी आणि चित्रकलेचा पिवळा रंग भरला होता.

"आता दोन घोट घ्या, माउली."

भागीबाईनं झाकण फिरवलं. मालनताईंचे गुडघे एरवी उठताना कुरकुरत; आज त्यांना कुरकुरायला वेळच मिळाला नाही.

"भागी, थांब! रंग आहे त्यात!" त्यांनी बाटली हिसकावली.

"मॅडम, हे काय? ब्रँडिंग तुमचं, ऊर्जा आमची."

"असेल. पण पाणी माझ्या नळाचं आहे." त्यांनी काय भरलंय ते मोठ्यानं सांगितलं. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

ललितजी सावरले. "माझ्या स्पर्शानं साधं पाणीसुद्धा भारलं जातं!"

"मग रंगही भारला असेल. घ्या, तुम्हीच प्या."

ललितजी कानावरचा माइक नीट करू लागले.

"हिरामण, हात आडवा धर," मालनताई म्हणाल्या. बाटली त्यांनी लांब ठेवली. आधी कोपराजवळ दाबलं. हात हलला नाही. मग मनगटाशी दाबलं. हात खाली आला.

"दार कडीपाशी ढकललं तर एका बोटानं हलतं, बिजागरीपाशी ढकलून बघा. भागी, तू रिकाम्या हातानं होतीस तेव्हा यांनी मनगट दाबलं, बाटली दिल्यावर कोपर. त्यात दुसऱ्यांदा माणूस सावध असतो, जोर लावतो. दिवसभर मांडवाखाली हात वर करून छाटणी करता, मनगटाशी दाबलेला हात पडेल नाहीतर काय होईल?"

"पन तरतरी येती, ती?" एकानं विचारलं.

"साखरेची, आणि चहात असतं त्याच कॅफीनची. भागीला तर ती साखरच घातक आहे."

काहींनी हातातल्या बाटल्या खाली ठेवल्या. दोघांनी तरीही पिशवीत घातल्या. मालनताईंना नवल वाटलं नाही.

"हे काम गेलं तुमचं," ललितजी दात आवळून म्हणाले.

"गेलं," त्या म्हणाल्या. खुर्चीत परत बसावंसं फार वाटत होतं.

भागीबाई स्वतःचा हात चाचपत उभी होती. "मावशी, गोळ्या झोपडीत हायेत."

"त्या घे आणि चल. आधी डॉक्टरांना पाय दाखवू. गोळी चालू ठेवायची की बदलायची हे ते सांगतील, बाटली विकणारा नाही."

रिक्षात बसल्यावर मालनताई भागी आणि हिरामणला म्हणाल्या, "यापुढं कुणी ताकद दाखवायला आला, तर बाटलीकडं बघू नका. त्याची बोटं कुठं आहेत ते बघा. आणि विचारा. विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडून काही घेऊ नका."

हिरामण आपलाच हात कधी मनगटाशी, कधी कोपराशी दाबून बघत होता. दवाखान्याच्या दारात रिक्षा थांबली, तसा तो रिक्षावाल्याकडे वळला.

"भाऊ, हात आडवा धर जरा. एक गंमत दावतो."