अकरा वळणांची वाट

नदीकाठच्या आमच्या गल्लीत एकोणीस घरं होती. सात वर्षांत तीनदा पाणी शिरलं, तेव्हा नगरपालिकेने ती सगळी विकत घेतली, पाडली आणि आम्हाला चढावरच्या वसाहतीत खोल्या दिल्या. रिकाम्या झालेल्या जागेला एकच अट होती: तिथे पुन्हा भिंत उभी राहायची नाही आणि छप्पर चढायचं नाही. नदी येईल त्या दिवशी जागा नदीची, एरवी सगळ्यांची.

जागेचं काम उद्यान खात्यातल्या एका तरुण इंजिनिअरबाईंकडे होतं. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. त्यांची कामाची एक रीत होती. पहिलं वर्षभर फक्त गवत. लोक कुठून चालतात ते पाहायचं आणि गवत जिथे झिजेल तिथे फरशी टाकायची. "पायवाट लोक काढतात, मी ती फक्त पक्की करते," असं त्या म्हणत. मला ही रीत पटली होती. मी उभा जन्म वाचनालयात काढला. तिथेही पुस्तक हातात घेतल्यावर कुठल्या पानावर आपोआप उघडतं, त्यावरून वाचणारे कळतात.

वर्ष झाल्यावर मॅडम नकाशाची गुंडाळी घेऊन वसाहतीच्या बैठकीला आल्या. वसाहतीपासून पुलाजवळच्या बसथांब्यापर्यंत गवतात एक वाट चांगली मळली होती. पण तिला अकरा वळणं होती आणि ती सगळी काटकोनात.

"मध्ये कुठे पाणी साचतं का?" मॅडमनी विचारलं.

"नाही बुवा," निवृत्त पोस्टमन म्हणाले. "तळहातासारखी सपाट जागा आहे."

"मग लोक सरळ का जात नाहीत?"

सगळे एकमेकांकडे बघत राहिले, जणू वाट दुसऱ्याच कुणीतरी पाडली होती. शेवटी मॅडम म्हणाल्या, लोकांना अशीच हवी असेल तर अशीच देऊ, सोमवारपासून फरशी टाकायला घेते.

मी मागच्या रांगेत बसलो होतो. तिथून नकाशा उलटा दिसत होता आणि बहुधा म्हणूनच मला तो ओळखू आला. वाट आधी आमच्या घराला वळसा घालत होती, मग सुताराच्या ओट्याला, मग पोस्टमनच्या परसाला. पाडलेल्या घरांना वळसे घालत आम्ही सगळे वर्षभर चाललो होतो. मीसुद्धा त्यातच. हे उठून सांगायला हवं होतं. पण वाक्य कसं सुरू करावं हे ठरेपर्यंत लोक खुर्च्या आवरू लागले होते.

प्रश्न माझ्यापुरता असता तर मी गप्पच राहिलो असतो. पण वहिनींचं अडत होतं. भाऊ गेल्यापासून त्या माझ्या शेजारच्या खोलीत राहतात आणि आठवड्यातून तीन दिवस पुलापलीकडे शिवणवर्ग घेतात. हिवाळ्यात त्यांचा गुडघा धरला. सरळ चालणं जमतं, वळलं की कळ येते. त्या महिन्यात त्यांची दहाची बस चारदा चुकली होती. वर्ग चालवणाऱ्या बाईंचा निरोप आला होता की पुढच्या महिन्यापासून वेळेवर जमत नसेल तर दुसरं कुणी बघावं लागेल. मी पावलं मोजली होती. वळणावळणाने सहाशे चाळीस, सरळ गेलं तर चारशेच्या आत.

संध्याकाळी त्यांना सांगितलं, की वाट सरळ करून मागता येईल.

"सरळ म्हणजे कुठून?" त्या म्हणाल्या.

"आपल्या घरातून. म्हणजे, होतं तिथून."

त्या सुईत दोरा ओवत होत्या. "माझ्या स्वयंपाकघरातून लोक चपला घालून जाणार?"

"स्वयंपाकघर आता नाही, वहिनी."

"हे तुम्ही मला सांगताय? पाडत होते तेव्हा मी समोर उभी होते. तुम्ही वर खोलीत वाचत बसला होतात."

हे खरं होतं. मी विचारलं, "मग वर्गाचं काय?"

"बघू." दोरा ओवून झाला, गाठ मारून झाली. मग त्या म्हणाल्या, "भाऊजी, माणूस घरात शिरतो तो दारातून. भिंतीतून भुतं जातात. माझा गुडघा गेलाय, मी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना लक्षात आलं की त्या नाही म्हणाल्याच नव्हत्या. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराला पुढे एक आणि मागे एक दार होतं. दारं जोडत गेलं तर वाट अगदी सरळ होणार नाही, पण अकरा वळणांची तीन होतील. मी मॅडमना चिठ्ठी लिहायला बसलो. चार फाडल्या. पाचव्या चिठ्ठीतही तीन ठिकाणी 'कदाचित' होतं, पण ती ठेवली. शनिवारी लवकर जाऊन विजेच्या खांबांपासून पावलं मोजत दारांच्या जागी खुंट्या ठोकल्या आणि त्यांना सुतळी बांधली.

मॅडम फरशा उतरवून घ्यायला आल्या होत्या. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि सुतळीच्या कडेने एक फेरी मारून आल्या.

"वर्षभर मी इथे उभी राहून बघतेय," त्या म्हणाल्या. "मला हे दिसलं कसं नाही?"

"तुम्ही घरं पाहिली नव्हतीत," मी म्हणालो. "आम्ही पाहिली होती आणि आम्हालाही दिसलं नाही."

तेवढ्यात पोस्टमन आले. सुतळी त्यांच्या घरातून जाते हे कळल्यावर ते जरा घुटमळले.

"चाळीस वर्षं मी लोकांच्या दारात उभा राहिलो," ते म्हणाले. "पाणीसुद्धा दारातच मिळायचं. आणि आता सगळं गाव माझ्या घरात शिरणार." मग म्हणाले, "शिरू दे. मागचं दार मात्र लोटून घ्या म्हणावं."

साडेनऊला वहिनी खांद्याला पिशवी लावून चढ उतरत आल्या. त्यांचा वर्ग होता. मी काही सांगण्याआधीच त्यांनी सुतळी पाहिली, पहिल्या दोन खुंट्यांमधून आत शिरल्या आणि पुढच्या खुंट्यांपाशी थांबल्या.

"हे काय आहे?"

"आपलं मागचं दार."

"हे न्हाणीघर आहे, भाऊजी. मला बादलीवरून उडी मारायला लावताय."

आमचं मागचं दार ज्या खांबापासून मोजलं तो दुसऱ्या पुरानंतर हलवला होता, हे मी साफ विसरलो होतो.

"जन्म त्या घरात गेला तुमचा," वहिनी म्हणाल्या.

"मी बहुतेक पुढच्या खोलीतच असायचो."

मॅडम दुसरीकडे बघू लागल्या. वहिनींनी खुंटी उपटली, चार पावलं चालल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. समोर काहीच नव्हतं, तरी हात बरोबर शेगडीच्या उंचीला आले. मग त्यांनी डावा हात लांब केला. "इथून दोन पावलांवर." मी तिथे खुंटी ठोकली.

"आमचंही जरा बघा," पोस्टमन म्हणाले.

"तुम्ही घरात होतात कधी? बायकोला बोलवा."

ते खरंच बोलवायला गेले. मॅडमनी वही काढली.

"आजी, दाराची रुंदी किती होती? आमच्या नियमाने वाट पाच फूट लागते, चाकाच्या खुर्चीसाठी."

"अडीच फूट," वहिनी म्हणाल्या. "कपाट आत घेताना चौकट काढावी लागली होती. दार मोठं करा म्हणून यांच्या भावाच्या मागे वीस वर्षं लागले होते. तुम्ही करा पाच."

मॅडमनी तसं लिहून घेतलं. वहिनींनी पिशवी सावरली आणि आमच्या मागच्या दारातून बाहेर पडल्या. सुताराच्या घरातून गेल्या. पोस्टमनच्या पुढच्या दाराशी क्षणभर अडखळल्या, गुडघ्यावर हात ठेवला, मग आत शिरून मागून निघाल्या. तिन्ही वळणं झाली होती. मी दोन हात मागून चाललो होतो. थांब्यावर पोचलो तेव्हा बस यायला सात मिनिटं होती. वहिनी बाकावर बसल्या, पिशवीतून कुणाची तरी अर्धी शिवलेली बाही काढली आणि टाके घालायला घेतले.