रीसेटचं बटण

शनिवारी दुपारी सव्वातीनला खोलीत नऊ संगणक होते, सहा टेबलावर आणि तीन जमिनीवर. सगळे शाळांनी टाकून दिलेले. सर्वांत जुना सतरा वर्षांचा. संगणकांचे पडदे पाचच, कारण चार फुटलेले, त्यामुळे ते आलटून पालटून लावायला लागायचे. पंखे दोन, त्यातला फिरणारा एक. माणसं तीन: मी, ग्रिसेल्दा आणि एवारिस्तो मास्तर. भिंतीवर मास्तरांच्या अक्षरातला कागद होता: 'फक्त रीसेटचं बटण दाबा. वायर उपटू नका.' टेबलावर माझी वही होती. तिच्यात चार महिन्यांच्या सहाशे चाळीस नोंदी, आणि त्या रकान्याचं नाव 'वीज तोडली'.

कालांद्रिया ही आमची ऑपरेटिंग सिस्टिम. कुणीही उघडून बघावी, दुरुस्त करावी, फुकट वापरावी. कोर्दोबा शहरातल्या या वस्तीच्या वाचनालयाने वरची खोली दिली आहे, तिथे आम्ही ती तपासतो. तिच्या शाखा दोन. मान्सा म्हणजे माणसाळलेली. ती डोंगरातल्या एकशे चौदा शाळांत चालते. बागुआल म्हणजे पाठीवर कुणाला बसू न देणारा घोडा. जे काही नवं येतं ते आधी तिच्यात, आणि ती रोज कुठेतरी पडते. वर्षभरात जे टिकतं ते मान्सात जातं. यंदाची मुदत त्याच संध्याकाळी सहाची होती. काय आत जाणार आणि काय बाहेर राहणार हे ग्रिसेल्दा ठरवते.

मास्तर पूर्वी रेल्वेत सिग्नल दुरुस्त करायचे. निवृत्त झाल्यावर प्रोग्रॅमिंग शिकले, आणि गेली दोन वर्षं त्यांनी एकच काम केलं. फाइल जतन करण्याचा भाग त्यांनी नव्याने लिहिला. जुन्या पद्धतीत सिस्टिम पावलोपावली डिस्कला विचारायची, खरंच लिहिलंस का, आणि उत्तर येईपर्यंत थांबायची. मास्तरांनी यातले बरेचसे प्रश्न काढून टाकले. सतरा वर्षांच्या यंत्रावर हजेरीचा तक्ता जतन व्हायला चव्वेचाळीस सेकंद लागायचे, आता नऊ लागतात. हे काम मान्सात गेलं नाही तर शाळा ती यंत्रं भंगारात काढणार होत्या. तसं त्यांनी कळवलंही होतं.

मंगळवारी वस्तीची वीज गेली, उन्हाळ्यात जाते तशी. परत आल्यावर इथल्या दोन संगणकांत हजेरीचा तक्ता कोरा निघाला. फाइलचं नाव होतं, आकार शून्य. आधी मी डिस्कच्या वयाला दोष दिला. मग बटणाचा विचार केला. रीसेटचं बटण दाबलं की संगणक नव्याने सुरू होतो, पण डिस्कची वीज चालूच असते. तिच्या हातात जे असेल ते ती निवांत लिहून टाकते. वीज गेली तर फाइल टिकते का हे बघताना सहाशे चाळीस वेळा आम्ही तिला ती सवड दिली होती आणि एकही फाइल गेली नाही म्हणून खूश झालो होतो.

वायर उपटली की जुन्या यंत्रातला वीज पुरवणारा डबा कधीतरी जळतो. मागच्या वर्षी दोन जळले, तसे आता मिळत नाहीत. म्हणून मास्तरांनी कागद लावला. रकान्याचं नाव बदलायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

हे सगळं मी दोघांना सांगून संपवलं.

"सहाला पावणेतीन तास आहेत," ग्रिसेल्दा म्हणाली. "आज सांगतेस?"

"काल रात्रीपर्यंत माझीच खात्री नव्हती. आता खरीच वायर उपटून बघायची. एक फेरी आठ मिनिटांची. पंधरा फेऱ्या बसतात."

"ए काडी," मास्तर म्हणाले. मी बारीक आहे म्हणून पहिल्या दिवसापासून त्यांनी मला हेच नाव ठेवलंय. "भिंतीवरचं वाचता येतं ना? की विद्यापीठात नुसते आकडे शिकवतात?"

"येतं, मास्तर. म्हणूनच म्हणतेय. आपण वीज तोडलीच नाही."

"नाही तोडली. कारण ही यंत्रं तुझ्या बापाने जोडलेली नाहीत, मी जोडलीत. त्या सहा नंबरला तर स्वयंपाकघरातला चिमटा घेऊन बसलो होतो."

"आणि त्याच चिमट्याने आम्हाला खिम्याच्या एम्पानादा वाढल्या होत्यास," ग्रिसेल्दा म्हणाली.

"मंगळवारच्या त्या दोन फाइली?" मी विचारलं.

"डिस्क म्हातारी आहे. मीही म्हातारा आहे. विसरतो कधी कधी."

"शाळांतल्या डिस्कही याच वयाच्या आहेत."

ग्रिसेल्दाने येर्बाचा, आमच्या कडू पानांच्या चहाचा, भोपळा भरला, गरम पाणी ओतलं आणि मास्तरांपुढे धरला. ते नळीने शेवटपर्यंत प्यायले, भोपळा परत दिला आणि म्हणाले, "आभार." आमच्याकडे भोपळा परत देताना आभार मानले की त्याचा अर्थ, आता मला नको. थर्मास भरलेला असताना पहिल्याच फेरीला मास्तरांच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नव्हता.

"त्याची दोन वर्षं आहेत यात," ग्रिसेल्दा मला म्हणाली. "तू चुकलीस तर?"

"महिनाभर गोड पाव मी आणीन." बागुआल जो मोडेल त्याने सगळ्यांना गोड पाव आणायचा, असा आमचा रिवाज.

"गोड पावाने हे भागायचं नाही, बाई."

मास्तर उठले. मला वाटलं, निघाले. त्यांनी कपाटातून बटण असलेली लांब पट्टी काढली, गुडघ्यावर बसून नऊच्या नऊ वायरी तिच्यात खोचल्या.

"एकेक उपटत बसणार होतीस? सगळ्यांची एकाच क्षणी जायला हवी. नाहीतर तुझा आकडा कोण मानेल?"

तीन अडतीसला त्यांनी पट्टीचं बटण बंद केलं. दहा सेकंद मोजले. चालू केलं.

पहिल्या दोन फेऱ्यांत काही निघालं नाही. ग्रिसेल्दाने माझ्याकडे बघितलं, मी वहीकडे. तिसऱ्या फेरीत दोन नंबरची फाइल कोरी निघाली. मास्तर पडद्याशी आले, चष्मा पुसला.

"परत उघड."

परत उघडली. शून्य.

"पुढे."

पाचव्या फेरीनंतर सहा नंबर सुरूच झाला नाही. जळका वास आला. मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"लिही. पाचवी फेरी, सहा नंबर, वाचता आलं नाही."

"थांबूया का, मास्तर?"

"पंधरा म्हणाली होतीस. पाचावर थांबलीस तर लोक म्हणतील पोरगी म्हाताऱ्याला घाबरली."

खालच्या मजल्यावर बुद्धिबळाचा वर्ग भरला होता, खुर्च्या सरकत होत्या. मास्तर बटण दाबायचे, मी फाइली उघडायचे, ग्रिसेल्दा पडदे बदलायची. आता कोरी फाइल निघाली की ते जवळ येत नसत. नुसतं "किती नंबर?" विचारत.

बाराव्या फेरीला ते म्हणाले, "काही प्रश्न परत घालता येतील. सगळे नाही, मोक्याचे तेवढे. तीन-चार आठवडे लागतील."

"सहाला मुदत संपते, एवारिस्तो. पुढच्या वर्षी घेऊ."

"पुढच्या वर्षीपर्यंत शाळा यंत्रं ठेवतील?"

ग्रिसेल्दा पुढचा पडदा लावायला वळली. मास्तरांनी बटण बंद केलं आणि दहापर्यंत मोजायला लागले.

शेवटची फाइल मी पाच अडतीसला तपासली. ग्रिसेल्दा कळफलकावर हात ठेवून बसली होती. आत की बाहेर, अजून तिने काही टाइप केलेलं नव्हतं.

"वाच," मास्तर म्हणाले.

मी वाचलं. वीज तोडली, एकशे पंचवीस वेळा. तपासता आल्या, एकशे चोवीस. कोऱ्या, अकरा.