चार, एक, चार

सुतारकाकांनी पहिल्या तुळईला कान लावला आणि हातानेच सगळ्यांना गप्प केलं.

“सहाजणी झाल्या की कण्हते ही,” ते म्हणाले. “पाच झेपतात. नव्या तुळया येईपर्यंत पाचच.”

वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर पाच खोल्या एका ओळीत होत्या. दर दोन खोल्यांमधल्या भिंतीखाली एक तुळई. दोन्हीकडचं ओझं तिच्यावर. मुली चौदा. आजवर बाईंनी त्या सारख्या वाटल्या होत्या, तीन-तीन आणि शेवटी दोन.

“सारखं वाटलं तर शेजारी-शेजारी मिळून सहा होतात,” बाईंनी पाटीवर पाच चौकोन काढले. “खोलीत खाटा चारच मावतात. करा विचार.”

बरीच खाडाखोड झाली. शेवटी थोरलीने लिहिलं: चार, एक, चार, एक, चार.

“शाबास. आता चौथ्या खोलीत तूच राहा.”

दुसरी खोली चिमणीच्या वाट्याला आली. ती नवीनच आली होती, अंधाराला भ्यायची.

“मी एकटीच?”

“दोन्ही भिंतींपलीकडे चौघी-चौघी आहेत की गं.”

चिमणी उशी पोटाशी धरून वर गेली.

दुपारी मुली आडव्या झाल्या. खाली बाई आणि काका कानोसा घेत उभे होते. बराच वेळ शांत गेला. मग पहिली तुळई कण्हली. पाठोपाठ दुसरी. तिसरी, चौथी गप्पच.

“कार्ट्यांनी खोल्या बदलल्या वाटतं,” काका पुटपुटले.

बाई वर जाऊन मोजून आल्या. चार, एक, चार, एक, चार. दुसऱ्या खोलीत चिमणी खाटेच्या अगदी कडेला झोपली होती. उरलेल्या जागेवर तिने पांघरूण नीट घातलं होतं.

“बाई, आता नाही भीती वाटत,” ती डोळे न उघडता म्हणाली होती.

बाई पाटीसमोर बसल्या. पहिली कण्हते, दुसरीही कण्हते. म्हणजे वाढलेला एक त्या दोघींच्या मधे. त्यांनी दुसऱ्या चौकोनातला एक पुसला आणि दोन लिहिले. मग पहिल्या आणि तिसऱ्या खोलीतून एकेकीला खाली बोलावलं.

तुळया गप्प झाल्या.

“आता वर किती?” काकांनी विचारलं.

“बारा,” खाली आलेल्या दोघी एका सुरात म्हणाल्या.

“तेरा,” बाई म्हणाल्या, आणि कपाटातून आणखी एक उशी काढून जिना चढू लागल्या.