पातळी हलली नाही

रोग थांबवणाऱ्या बाटल्या वाटणाऱ्या महाराजांना काय मिळणार होतं ते सगळ्यांना दिसत होतं: पाया पडणारे साहेब आणि दवाखान्यापेक्षा लांब रांग. त्या रांगेतल्या टाकीवाल्यांना काय मिळणार होतं, ते मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्यांना हवी होती सुटका. बायकोच्या साखरेची रोजची सुई, तिच्या पायाच्या जखमेची पट्टी आणि सतत जिवाला लागलेला घोर, या सगळ्यातून.

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर महाराज आणि पाण्यानं निम्म्या भरलेल्या, लाखेनं तोंड बंद केलेल्या बाटल्या.

"वर्ष झालं, बाळांनो! अख्खा उन्हाळा गेला, थेंब तरी कमी झाला? आत प्राण बांधलाय, प्राण! पातळी हलली नाही, तर रोग्याची तब्येतही हलायची नाही. मध्येच सुई टोचलीत, तर मी जबाबदार नाही."

जबाबदार ते तसेही नव्हतेच.

टाकीवाले बावीस वर्षं पाण्याच्या टाकीवर पातळी नोंदवत होते. काटा जागेवर असला की 'सर्व ठीक' लिहायचं आणि चहा घ्यायचा. घरी आणलेल्या बाटलीवरही त्यांनी पेनानं रेघ मारली. मग रोज सकाळी बायकोचा पाय बघायचं सोडून ते रेघ बघू लागले.

बाटली आणल्याच्या सतराव्या दिवशी मेहुणी आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. दारातच तिला वास आला. तिनं पट्टी सोडली, तर बहिणीच्या पायाची बोटं काळी पडलेली.

"भाऊजी, सुई कधीपासून बंद आहे?"

"अगं, पातळी बघ ना! केसभर हलली नाही."

"आणि ताईकडे बघितलंत?"

"मास्तरीणबाई, श्रद्धेच्या गोष्टीत नाक खुपसू नका."

तिनं आधी फोन करून दवाखान्याची गाडी बोलावली. मग खिडकीत वर्षभर पडून असलेली टॉनिकची सीलबंद बाटली उचलली.

"हिची पातळी हललीय?"

"नाही."

"मग हिच्यात कुणाचा प्राण बांधलाय? औषधवाल्याचा?"

अंथरुणावरची बायकोसुद्धा हसली.

"टॉनिक लालभडक, पण बाटलीच्या गळ्याशी आतून थेंब बिनरंगी. कुठून आले? पाण्याची वाफ वर जाते, काचेला लागून तिचं परत पाणी होतं. तोंड बंद आहे, म्हणून जितकं वर जातं तितकंच खाली येतं. काहीच थांबलेलं नाही, नुसती बरोबरी झालीय. महाराजांची लाख फोडून उघडी ठेवा, महिन्याभरात पाणी रेघेखाली जाईल."

"पण पातळी स्थिर म्हणजे..."

"पंप भरतो तितकंच पाणी लोक ओढतात, तेव्हा तुमचा काटा हलतो?"

"नाही."

"म्हणून पाणी जातच नसतं?"

हे त्यांना ठाऊक होतं. टाकीवर असताना ठाऊक होतं.

"आणि ताई काही बंद बाटली नाही, भाऊजी. ती जेवते, साखर चढते. ती उतरवायला सुई होती, तीच तुम्ही काढून घेतलीत."

खाली गाडीचा भोंगा वाजला. टाकीवाले बायकोची चप्पल शोधत राहिले. तिला चालता येत नव्हतं, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

न बदलणारं काही दिसलं की हात जोडण्याआधी एवढं विचारा: आत काय येतंय, बाहेर काय जातंय? शेजारी एक साधी बाटलीही ठेवून बघा. याला विद्वान असावं लागत नाही.

महाराज बाटल्यांसकट पुढच्या मुक्कामी गेले. टाकीवाल्यांची पंधरा दिवसांची रजा गेली. बायकोच्या पायाची तीन बोटं गेली. तुला बाटली हवी की सुई, असं तिला कुणी विचारलंच नव्हतं.